पहिला माणूस कामाला ठेवताना

प्रश्न : पडदे, अभ्रे शिवून देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. आजवर एकटीच करत होते, आता झेपत नाही. मैत्रिणीची मुलगी नुकतीच शाळा संपवून बसली आहे. ती रोज दहा ते सहा माझ्याकडे येईल, माझ्याच मशीनवर शिवेल. दीर म्हणतात, “पटावर घेऊ नका. दर महिन्याला तिच्याकडून बिल घ्या, म्हणजे नोंदणी नको, कपात नको, विमा नको.” हे कायद्यात बसतं का? पहिला महिना बिनपगारी ठेवून बघितलं तर? आणि मैत्रीण म्हणते, पगार माझ्या हातात दे. चालेल ना?

उत्तर : पगारपत्रकं लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळे तुमच्या दिरांचा सल्ला मला तोंडपाठ आहे. पहिली तक्रार होईपर्यंत तो स्वस्त पडतो.

तुम्हीच लिहिलेलं बघा. वेळ तुम्ही ठरवणार, जागा तुमची, मशीन तुमचं. टीप वाकडी गेली तर ‘उसव आणि परत घाल’ हेही तुम्हीच सांगणार. मग कागदावर बिल लिहा नाहीतर मानधन, वाद झाला की आधी बघितलं जातं ते प्रत्यक्षात काय चालतं ते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ साली शिफारस क्रमांक १९८ केली, तिच्यात नोकरी ओळखायच्या खुणा दिल्या आहेत : दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम, ठरलेली वेळ आणि जागा, हत्यारं काम देणाऱ्याची, ठरावीक मुदतीने मिळणारे पैसे, कमाईचं मुख्य साधन तेच, नफ्यातोट्याची जोखीम नाही. देशोदेशीच्या कायद्यांची भाषा निराळी, पण कसोट्या बहुतेक याच. जी बाई स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या सवडीने शिवते, चार गिऱ्हाइकांची कामं घेते आणि बिघडलेलं कापड स्वतःच्या खर्चाने भरून देते, तिच्याकडून बिल घ्यावं. तुमच्याकडे येणारी मुलगी त्यात बसत नाही. उद्या ती नोकरदार ठरली, तर सामाजिक सुरक्षेच्या थकलेल्या वर्गण्या आणि दंड तुमच्या दारात येतील, दिरांच्या नव्हे.

तेव्हा तिला पटावरच घ्या, आणि ती रुजू होण्याआधी. मालक म्हणून नोंदणी लागते ती कर, सामाजिक सुरक्षा आणि कामगार या खात्यांकडे; कुठे तिन्ही वेगवेगळी, कुठे एकाच अर्जात. तिथे विचारा, “पहिलाच माणूस ठेवतेय, मला काय काय लागू?” काही नियम माणसं वाढल्यावर लागतात हे खरं. पण किमान वेतन आणि वयाची अट यांना ‘आमच्याकडे एकच तर आहे’ ही सबब सहसा चालत नाही. वयाचा दाखला बघा, प्रत ठेवा. किमान वयाबद्दलचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार सक्तीचं शिक्षण संपण्याच्या वयाखाली नोकरी नको म्हणतो आणि धोक्याच्या कामाला १८ ची अट घालतो.

विम्याकडे काणाडोळा करू नका. मशीनची सुई बोटातून जाणं तुम्हाला मी काय सांगावं! कामावरच्या अपघातासाठी मालकांच्या वर्गणीतून विमा जर्मनीने १८८४ सालीच कायद्याने आणला. तुमच्याकडे तो एका माणसापासून सक्तीचा आहे का ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. नसला तरी उतरवा.

नेमणूकपत्र एका पानाचं पुरे. काम, वेळ, साप्ताहिक सुट्टी, पगार आणि त्याची तारीख, जादा कामाचा दर, रजा, सोडताना किती दिवसांची सूचना, परीक्षेचा काळ (म्हणजे काम पारखून बघायची सुरुवातीची मुदत). खाली दोघींच्या सह्या. मैत्रिणीची मुलगी आहे म्हणून तोंडी ठेवू नका. ओळखीतलेच वाद जास्त चिघळतात. हजेरी रोज लिहा. उचल दिली तर त्याच दिवशी तिची सही घ्या.

बिनपगारी महिना विसरा. परीक्षेचा काळ ठेवता येतो, पण त्यातलं काम हे कामच असतं. हात बघायचा तर तासभर बसवून एक अभ्रा शिवून घ्या. तो गिऱ्हाइकाला विकलात, तर त्याचेही पैसे द्या.

तिच्या पगारातून कापलेली रक्कम तुमची नव्हे, सरकारात भरायची आहे. ती वेगळ्या खात्यात टाका. हंगामात कापड भरायला ‘तात्पुरती’ वापरलेली कपात वेळेवर भरली गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. तिच्या हातात पडणाऱ्या पगारापेक्षा तुमचा खर्च बराच जास्त असेल, कारण वर्गणीतला मालकाचा वाटा, विमा आणि रजेचे दिवस त्यात येतात. ही बेरीज नेमणुकीआधी करा. जमत नसेल तर अर्धा दिवस ठेवा, पण पटावर ठेवा.

राहिली मैत्रीण. वेतन-संरक्षणाचा १९४९ चा आंतरराष्ट्रीय करार पगार थेट कामगारालाच द्यायला सांगतो. कायद्याने सूट दिली असेल किंवा तिने स्वतः मान्य केलं असेल तरच वेगळं. आईने सांगून भागत नाही. पगार मुलीच्या खात्यात भरा, कपातीचा तपशील असलेली पावती तिला द्या. आईला काय द्यायचं ते तिचं ती बघेल.