दणका तोच, आवाज कमी: व्हॉल्व्ह ॲम्प आणि ॲटेन्युएटर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गिटारच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा स्पीकर-जॅक आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारा डबा म्हणजे ॲटेन्युएटर. ॲम्पमधून निघालेली बहुतेक ताकद तो उष्णतेत जिरवतो आणि उरलेली स्पीकरला देतो. ॲम्प जोरात चालतो, स्पीकर हळू वाजतो. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ यांचा ‘पॉवर सोक’ १९८०च्या सुमारास आला, तेव्हापासून या डब्याबद्दलचे प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

प्रश्न : कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन ईएल८४ व्हॉल्व्हचा १५ वॉटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे, स्पीकर १२ इंची, ८ ओहमचा. व्हॉल्यूम ६च्या पुढे गेला की हवा तो आवाज मिळतो आणि तेव्हाच दारावरची बेल वाजते. ॲटेन्युएटरने काम होईल का? किती डेसिबलचा घेऊ?

उत्तर : अर्धं काम होईल. आधी आकडे पाहा. गिटारचा बरा १२ इंची स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल देतो. १५ वॉट म्हणजे त्यावर आणखी १२, म्हणजे ११०च्या आसपास. ॲटेन्युएटर –१२वर ठेवलात तर स्पीकरला जेमतेम १ वॉट पोचतो आणि खोलीत तरीही ९८ डेसिबल असतात. ‘१ वॉट म्हणजे घरगुती आवाज’ ही दुकानदारांची आवडती थाप आहे. ७० डेसिबलपर्यंत, म्हणजे जरा मोठ्याने मारलेल्या गप्पांच्या पातळीला यायचं, तर ४० डेसिबल उतरावं लागतं. तिथे स्पीकरला १५ वॉटचा दहा हजारावा भाग मिळतो.

–४०वर आवाज ‘मेल्यासारखा’ वाटतो, त्याचा सगळा दोष डब्याचा नसतो. हळू आवाजात आपल्या कानालाच खर्ज आणि तार सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलं. शिवाय जोरात वाजताना स्पीकरचा कागद स्वतः थोडा ‘फाटतो’, तोही हव्या असलेल्या आवाजाचा भाग असतो. आणि स्पीकरची हवा गिटारच्या तारांना हलवत नाही, त्यामुळे सूर रेंगाळत नाही. हे तिन्ही कोणताही डबा परत आणू शकत नाही.

आमचा अनुभव सांगतो की –६ ते –१२ मध्ये फरक जवळपास कळत नाही, –२०पर्यंत बेस आणि ट्रेबल थोडे वाढवून चालतं, त्यापुढे तडजोड आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये दिवसा –२० धरा. रात्रीसाठी हेडफोनच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. ॲम्पवर गेन आणि मास्टर असे दोन नॉब असतील तर गेन ३वर, मास्टर पूर्ण करून एकदा वाजवा, मग उलट करून वाजवा. हवा तो आवाज दुसऱ्या मांडणीत मिळत असेल, तर तुम्हाला प्रीॲम्पचं (ॲम्पच्या पहिल्या टप्प्याचं) डिस्टॉर्शन आवडतं. ते मास्टर कमी करूनही मिळतं, ॲटेन्युएटर नको. आणि कॉम्बो फरशीवर ठेवू नका. खुर्चीवर किंवा जाड फोमवर ठेवा. खालच्या मजल्यावर जातो तो खर्ज स्लॅबमधून जातो, हवेतून कमी.

प्रश्न : ५० वॉटचं हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प, दोन ईएल३४ व्हॉल्व्ह), ५० वॉटचा छापील दर (किती वॉट सोसेल तो आकडा) असलेला स्वस्त ॲटेन्युएटर. व्हॉल्यूम १०वर अर्धा तास वाजवलं, जळका वास आला, आवाज तुटला, मग ॲम्पचा फ्यूज गेला. नेमकं काय झालं? – ठाणे

उत्तर : ‘५० वॉट’ हा आकडा स्वच्छ आवाजाचा असतो. ॲम्प पूर्ण दाबला की लहरीची डोकी छाटली जातात, ती चौकोनी व्हायला लागते, आणि त्याच उंचीच्या चौकोनी लहरीत गोल लहरीच्या दुप्पट ताकद असते. ५० वॉटचा ॲम्प अशा वेळी ८०-९० वॉटपर्यंत सहज जातो. म्हणून ॲटेन्युएटरचा दर ॲम्पच्या निदान दुप्पट हवा, आणि तोही सलग चालण्याचा. स्पीकर-दुकानात मिळणाऱ्या गोल नॉबच्या एल-पॅडवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या साध्या नॉबवर) ‘१०० वॉट’ लिहिलेलं असतं ते गाण्याच्या सरासरीवर. त्याची तार एकाच ठिकाणी तापते आणि तुटते.

तार तुटली की ॲम्पला भार उरत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार नसणं सगळ्यांत वाईट: प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज उसळून हजारांत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे ठिणगी पडते. ईएल३४च्या सॉकेटमध्ये ती बहुतेक ३ नंबरच्या पिनेवरून (ॲनोड) शेजारच्या २ नंबरवर (हीटर) जाते. दोन पिनांच्या मध्ये बेकलाइटवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसेल. ती रेघ खरवडून उपयोग नाही, कार्बन आत मुरलेला असतो. सॉकेटच बदलावं लागतं.

तपासणीचा क्रम असा. ॲटेन्युएटरच्या इनपुटवर, स्पीकर लावून, मल्टिमीटरने ओहम मोजा. ८च्या डब्याला ७-८ दिसायला हवेत. शंभरात किंवा अनंत दिसले तर गुन्हेगार सापडला. मग ॲम्प बंद, प्लग काढलेला, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केलेले, आणि व्होल्टेज शून्य आहे हे मीटरने पाहिलेलं. आत ४०० व्होल्टच्या वर असतं आणि बंद केल्यावरही टिकून राहतं. ही सवय नसेल तर ॲम्प उघडू नका, तंत्रज्ञाकडे न्या. स्क्रीन-ग्रिडचे रेझिस्टर (या प्रकारात सहसा १ किलो-ओहम, ५ वॉट) जळलेत का पाहा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून दोन्ही टोकांपर्यंतचे ओहम मोजा. काही दहा ओहम यायला हवेत. दोन अर्ध्यांत दहा-वीस टक्के फरक असला तर घाबरू नका, गुंडाळी तशीच असते. एक बाजू उघडी किंवा खूपच कमी असेल तर ट्रान्सफॉर्मर गेला. व्हॉल्व्ह दोन्ही बदला, आणि तपासणी झाल्याशिवाय नवा फ्यूज घालून ‘बघूया’ करू नका. मोठ्या अँपिअरचा फ्यूज तर कधीच नाही.

प्रश्न : ५ वॉटच्या एका व्हॉल्व्हच्या ॲम्पसाठी (८ ओहम) घरीच ॲटेन्युएटर करायचा आहे. नेमकी मापं द्या. – नाशिक

उत्तर : घरी करायला हाच आकार योग्य. दोन रेझिस्टर लागतात: एक स्पीकरच्या ओळीत (क), एक स्पीकरच्या समांतर (ख). बाजारात मिळणाऱ्या किमतींत बसवलेल्या तीन जोड्या:

–६ डेसिबल : क ३.९ ओहम, ख ८.२ ओहम
–१० डेसिबल : क ५.६ ओहम, ख ३.९ ओहम
जवळपास –१९ डेसिबल : क ६.८ ओहम, ख १ ओहम

तिन्हींत ॲम्पला ८च्या आसपासच भार दिसतो. दाबल्यावर ५ वॉटचे १० वॉट होतात असं धरून: तिसऱ्या जोडीत एकटा ‘क’ जवळपास ९ वॉट खातो. म्हणून ‘क’ २५ वॉटचा, सोनेरी ॲल्युमिनियम बॉडीचा घ्या आणि ‘ख’ १० वॉटचा पांढरा सिमेंटचा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही मिळायला हवेत. सोनेरी रेझिस्टरचा छापील दर तो धातूला घट्ट बसवला असेल तरच खरा असतो. मोकळा लटकत ठेवलात तर तो दर निम्म्याहून खाली येतो. ॲल्युमिनियमचा डबा, खाली सिलिकॉन पेस्टचा पातळ थर, दोन स्क्रू. डब्याला वर-खाली भोकं पाडा आणि तो ॲम्पच्या जाळीवर ठेवू नका, तिथून व्हॉल्व्हची गरम हवा वर येते.

आतली वायर १ चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची. इनपुट जॅकच्या दोन टोकांवर कायमचा २२० ओहम, १० वॉटचा एक रेझिस्टर टाका. एरवी तो काही करत नाही, पण आतलं सोल्डर सुटलं तर ट्रान्सफॉर्मर अगदीच मोकळा पडत नाही. हा विमा आहे, परवाना नव्हे.

स्विचने जोड्या बदलायचा मोह बऱ्याच जणांना होतो. साधा स्विच एक संपर्क सोडतो आणि मग दुसरा पकडतो, त्या क्षणात भार गायब. सरकताना आधी पुढचा पकडून मग मागचा सोडणारा रोटरी स्विच मिळाला तर ठीक, नाहीतर एकच जोडी कायम बसवा. पहिल्या डब्याला –१० पुरे.

सोल्डर झाल्यावर ॲम्प न लावता मोजा. मीटरच्या वायरींचे स्वतःचे ०.२-०.५ ओहम वजा करा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, त्यामुळे –१०च्या डब्याचं इनपुट स्पीकरसह ८ च्या जवळ दिसेल, स्पीकर काढून ९ च्या जरा वर. –६च्या डब्याला मात्र स्पीकर काढला की १२ दिसतात. म्हणजे डबा स्पीकरशिवाय चालवायचा नसतो. जितकी कपात कमी तितका हा धोका जास्त.

आवाज थोडा बोथट वाटेल. कारण असं, स्पीकरचे ‘८ ओहम’ सगळीकडे ८ नसतात. खर्जात त्याच्या स्वतःच्या घुमण्याच्या ठिकाणी आणि वर तार सुरांत ते बरेच चढतात, आणि व्हॉल्व्ह ॲम्प तिथे जास्त जोर देतो. मध्ये रेझिस्टर आले की हे चढउतार ॲम्पला दिसेनासे होतात. ‘क’च्या समांतर ४.७ मायक्रोफॅरॅड, १०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर टाकला की तार सूर परत येतात. इलेक्ट्रोलायटिक टाकू नका.

प्रश्न : फेंडर पद्धतीच्या कॉम्बोला मागे दोन जॅक आहेत, ‘स्पीकर’ आणि ‘एक्स्टेन्शन’. ॲटेन्युएटर दुसऱ्यात लावला तर ॲम्प गप्प. आणि गिटारची केबल चालेल ना? – कोल्हापूर

उत्तर : जुन्या फेंडर रचनेत पहिल्या जॅकमध्ये काही नसलं की तो आउटपुट शॉर्ट करतो. व्हॉल्व्ह ॲम्पला उघड्यापेक्षा शॉर्ट परवडतो, म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे ती. स्पीकर काढा, ॲटेन्युएटर पहिल्या जॅकमध्ये लावा, स्पीकर ॲटेन्युएटरमध्ये.

गिटारची केबल अजिबात नाही. तिच्यातली मधली तार बारीक असते, तापते आणि तुटते, आणि मग ठाण्याचं उत्तर पुन्हा वाचावं लागतं. दोन समान जाड तारांची स्पीकर केबल घ्या. लावणं-काढणं ॲम्प बंद करूनच.

प्रश्न : माझं कॅबिनेट १६ ओहमचं आहे, ॲम्प आणि ॲटेन्युएटर ८चे. जमेल का? – मडगाव

उत्तर : ॲम्पचं ओहम-सिलेक्टर आणि ॲटेन्युएटर जुळलेच पाहिजेत. कॅबिनेटचं गणित कपातीवर अवलंबून आहे. रेझिस्टरच्या –२० डब्यात स्पीकरच्या समांतर १ ओहमपेक्षाही कमी रेझिस्टर असतो, त्यामुळे पलीकडे ८ असो की १६, ॲम्पला ८च्या जवळच दिसतं. तोच डबा –३वर आणलात तर ॲम्पला ८ ऐवजी जवळपास ११ दिसतात. बायपासला (ॲटेन्युएटर वगळून) टाकलात तर सरळ १६. तेव्हा बायपासला हात न लावता –१२ किंवा त्याहून जास्त कपातीवर ठेवत असाल तर चालवा. कॅबिनेटमध्ये १६चे चार स्पीकर जोडीजोडीने असतील तर समांतर वायरिंग करून ४ किंवा तसेच १६, ८ येत नाहीत.

प्रश्न : अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेपडाउनवर (भिंतीतले व्होल्ट कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवतो. ॲटेन्युएटर लावल्यापासून व्हॉल्व्ह वर्षभरात बदलावे लागले. डबाच व्हॉल्व्ह मारतो का? – पुणे

उत्तर : डबा नाही, तुमचा व्हॉल्यूम मारतो. आधी ३वर वाजवत होतात, आता ९वर. शिवाय स्टेपडाउन साधा निम्मा करणारा असेल तर भिंतीत २३० असताना ११५ मिळतात, पण रात्री भिंतीत २५० झाले की १२५. वाजवताना स्टेपडाउनच्या आउटपुटवर मीटर लावा. १२०च्या वर सतत जात असेल तर टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला स्टॅबिलायझर लावा. ५० वॉटपर्यंतच्या ॲम्पला ५०० व्हीएचा पुरे.

एक तपासणी घरी होते. खोलीत अंधार करा, ॲम्प दहा मिनिटं चालू ठेवा, जाळीतून आउटपुट व्हॉल्व्हकडे पाहा. तंतूची नारिंगी आणि काचेवरची निळसर झाक ठीक. पण आतला करडा पत्रा लालसर दिसायला लागला तर लगेच बंद करा आणि बायस (व्हॉल्व्हमधून न वाजवताही वाहणारा प्रवाह) तंत्रज्ञाकडून जुळवून घ्या.