बालगृहातल्या नव्या काळजीवाहकांना दोन दिवसांत काय शिकवावं?

तुम्ही विचारलंय की बालगृहात नवे काळजीवाहक रुजू झालेत, प्रशिक्षणाला दोन दिवस मिळालेत, तर आघात सोसलेल्या मुलांसोबत काम करायला त्यांना काय शिकवावं. मी बरीच वर्षं अशी प्रशिक्षणं घेतोय, म्हणून अनुभवातून लिहितो.

मेंदूच्या आकृत्यांवर तासाभरापेक्षा जास्त वेळ घालवू नका. सुरुवातीला मी अख्खा दिवस त्यातच घालवायचो. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला धोका ओळखणारा भाग, कॉर्टिसॉल म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, सगळं समजावून सांगायचो आणि लोक वह्या भरभरून लिहून घ्यायचे. पुढच्याच आठवड्यात एका मुलाने ताट भिरकावलं. सगळ्यात नीट टिपणं काढणाऱ्या ताईंनी त्याचा दंड पकडला आणि 'माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दे' म्हणून ओरडल्या. मुलगा आणखी बिथरला. ताईंना सगळं पाठ होतं, पण त्या क्षणी त्याही घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही.

म्हणून आता माझा बहुतेक वेळ सरावात जातो. कर्मचाऱ्यांपैकी एकाने मूल व्हायचं, एकाने काळजीवाहक. बाजूला उभं राहायचं, वाट अडवायची नाही, आवाज खाली आणायचा, वाक्य तीन-चार शब्दांचं ठेवायचं. 'मी इथेच आहे' एवढं पुरतं. मुलाने शिवी दिली तरी श्वास सोडून मगच बोलायचं. हे दहा-दहा वेळा करून घ्या, अंगात मुरेपर्यंत. ब्रूस पेरी या मनोविकारतज्ज्ञांनी क्रम सांगितलाय तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: आधी मूल शांत होऊ दे, मग नातं जोडा, समजावणं सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलटे जातो, आधी जाब विचारतो.

सरावासाठी प्रसंग निवडताना रात्र विसरू नका. दिवे मालवायची वेळ, दार ढकलल्याचा आवाज, अंगावरचं पांघरूण कुणीतरी सारखं करणं. ज्या मुलावर रात्री अत्याचार झालेत त्याला बिथरायला यातलं काहीही पुरेसं आहे. दार वाजवून, नाव घेऊन, दिसेल असं आत यायचं, न विचारता हात लावायचा नाही. रात्रपाळीचा माणूस, स्वयंपाकघरातल्या मावशी, गाडीचे चालक यांनाही प्रशिक्षणाला बसवा. गादीखाली लपवलेली पोळी बहुधा मावशींनाच सापडते, आणि त्यांनी तिला 'चोरी' म्हटलं की मूल पुन्हा उपाशी राहण्याच्या भीतीत जातं. जेम्स अँग्लिन या संशोधकांनी बालगृहांचा अभ्यास करून अशा वागण्याला वेदनेतून आलेलं वागणं म्हटलंय. हा एक शब्दप्रयोग कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात रुळला तरी नोंदवहीत 'उद्धट', 'नाटकी' लिहिणं कमी होतं. मी ते होताना पाहिलंय.

मुलाला बळाने धरून ठेवण्याबद्दल: ते फक्त कुणाच्या जिवावर बेतत असेल तेव्हाच, आणि तेही त्याचं वेगळं प्रशिक्षण झालेल्यांनीच. पालथं पाडून किंवा छातीवर भार देऊन कधीही नाही. त्यात श्वास कोंडून मुलं दगावली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन दिवस संपल्यावर काय, हे अधीक्षकांशी आधीच ठरवून घ्या. दर आठवड्याला तासभर, वरिष्ठ कुणीतरी काळजीवाहकांबरोबर बसेल आणि एकच घडलेला प्रसंग घेईल. पहिला प्रश्न 'तुम्हाला काय झालं?' हा असावा. मुलांच्या हकिगती ऐकून ऐकून त्यांचीही झोप उडते, काहींना स्वतःचं बालपण आठवतं. ते बोलायला जागा नसेल तर तीच माणसं कठोर होतात नाहीतर नोकरी सोडतात, आणि मुलासाठी पुन्हा एक माणूस निघून जातो. अधीक्षक या तासाला तयार नसतील, तर दोन दिवसांतला अर्धा दिवस कापून तो त्यांच्यासोबत बसण्यात घालवा. मी हल्ली तसंच करतो.