एकट्या बाईने मूल दत्तक घेतलं तर वडिलांविना त्याची वाढ नीट होते का?

तुमचं वय ३४, लग्न करायचं नाही, मूल मात्र हवंय आणि आई विचारते, "बापाविना पोर कसं वाढेल?" माझ्या आईनेही मला अगदी हेच विचारलं होतं. माझी लेक दहा महिन्यांची असताना घरी आली, आता नऊ वर्षांची आहे. घरात आम्ही तिघी: ती, मी आणि तिची आजी.

वडील नाहीत हे तिला जाणवतं. मला विचारतेही. पण त्यापायी ती खचलेली मी पाहिलेली नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुसान गोलोम्बोक १९७०च्या दशकापासून अशा वेगळ्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास करत आल्या आहेत. घरात कोण कोण आहे यापेक्षा मुलाशी नातं कसं आहे आणि आजूबाजूचे लोक त्या घराला कसं वागवतात, यावर जास्त अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. माझा अनुभवही तोच.

माझं कळकळीचं सांगणं वेगळंच आहे. दत्तक असल्याचं लपवू नका, एक दिवससुद्धा. मी ती मांडीवर असल्यापासून सांगत आले. चार वर्षांची असताना, मी केसांना तेल लावत होते, तेव्हा म्हणाली, "मी तुझ्या पोटात होते?" म्हटलं, "नाही गं, दुसऱ्या आईच्या पोटात होतीस. मग मी आणि आजी तुला आणायला आलो." "कशाने आलात?" "एस्टीने." त्यानंतर कित्येक रात्री तिला एस्टीचीच गोष्ट हवी असायची. खिडकीजवळ कोण बसलं होतं, वाटेत मी रडले का, सगळं.

सातव्या वर्षी मात्र प्रश्न आला, "तिने मला का नाही ठेवलं?" या वयात मुलांना कळायला लागतं की आपण इथे आलो म्हणजे आधी कुणीतरी आपल्याला सोडलं. मी खोटी गोष्ट रचली नाही, त्या बाईला नावंही ठेवली नाहीत. "मला माहीत नाही बाळा," एवढंच म्हणाले. पुढचे तीन-चार दिवस ती चिडचिडी होती, रात्री मला घट्ट धरून झोपायची. मी तिला तसं राहू दिलं.

शाळेत वर्ग सुरू व्हायच्या आधीच बाईंना भेटून या. आमच्याकडे वंशावळीचा तक्ता करायला दिला आणि लेक रिकाम्या चौकोनाकडे बघत बसली, तेव्हा मला हे सुचलं. फॉर्मवरच्या वडिलांच्या रकान्याने घाबरू नका. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरतं.

दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या 'कारा' या केंद्र सरकारी संस्थेच्या नियमांनुसार एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कोणीही दत्तक घेता येतं. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर तुमचं वय ४०च्या आत लागतं, आणि वाट बघण्यात वर्षं जातात. तेव्हा नोंदणी लवकर करा. गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविकेने मला विचारलं होतं, "तुम्ही आजारी पडलात तर मुलीकडे कोण बघेल?" माझ्याकडे दोन नावं होती, भाऊ आणि शेजारच्या काकू. भावाने तसं लिहूनही दिलं. आईशी वाद घालण्याआधी तुमची ती दोन माणसं कोण, हे त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून ठरवा.