वाड्यातला जुना सिलिंग फॅन भंगारात द्यावा का?

तुमचा वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय, आजोबांच्या खोलीत तुळईला लटकलेला जुना जड पंखा बटण दाबलं की नुसता हूंऽऽ करतो पण फिरत नाही, कंत्राटदार म्हणतो भंगारात द्या, आणि तुम्ही विचारताय की तो नवीन फ्लॅटमध्ये लावता येईल का. येईल, आणि भंगारात अजिबात देऊ नका. भंगारवाला तो वजनावर घेतो आणि आतली तांब्याची तार काढायला हातोडीने फोडतो, पंखा म्हणून त्याला त्याची काही किंमत नसते.

मी गेली बारा-तेरा वर्षं असे पंखे जमवतो आणि दुरुस्त करतो, घरात सध्या ११ आहेत, त्यातले ७ रोजच्या वापरात. बरेचसे वाडे पाडताना लोकांनी दिलेले, काही बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, जुना पंखा वयाने क्वचित मरतो, त्याला घाईची दुरुस्ती मारते. माझा पहिला पंखा असाच गेला. आत्याकडचा, ५६ इंची, तुमच्यासारखाच हूं करणारा. मी तो एका दुकानात टाकला, त्यांनी न बघताच वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची कॉइल) जळलंय सांगून सगळी जुनी तार कापून काढली आणि बारीक गेजची नवीन भरली, वर चकचकीत स्प्रे पेंट मारून दिला. आठवड्यात हात लावता येईना इतका तापायला लागला. नंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की त्याचा बहुतेक फक्त कंडेन्सर गेलेला असणार, तेव्हा त्या कंडेन्सरची किंमत वडापावाच्या दोन प्लेटांएवढी होती. अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून तुमच्या पंख्याचं आधी हे बघा. बटण चालू करून लांब काठीने पात्याला हलकं ढकला. ज्या दिशेला ढकललं त्या दिशेला तो हळूहळू फिरायला लागला तर बहुतेक कंडेन्सर गेलाय, वाइंडिंग ठीक असावं. आत दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग, आणि कंडेन्सर स्टार्टिंगमधल्या करंटला थोडं पुढे ढकलतो, त्यामुळे मोटरला कुठल्या बाजूला फिरायचं ते कळतं, तो नसला की मोटर जागेवर नुसती थरथरते. पण हे जास्त वेळ करू नका, अडकलेल्या मोटरची कॉइल पटकन तापते. आणि जळका वास आला तर लगेच बंद.

आता काढताना. वाड्याची लाइट तोडायच्या आधी फोटो काढा, कुठली तार कुठे लागलीये ते. मेन बंद करून मगच हात. जुन्या वायरीवर कापड आणि रबर असतं, ते इतकं वाळलेलं असतं की वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं, त्यामुळे आतली तार उघडी पडते. पाती आधी काढायची आणि काढायच्या आधी प्रत्येक पात्यावर आणि त्याच्या जागेवर पेन्सिलीने १, २, ३ लिहायचं, कारण कारखान्यात पाती वजनाने जुळवून लावलेली असतात, अदलाबदल झाली की पंखा डुगडुगतो आणि मग आयुष्यभर लोक हूकवरच्या रबरी गुटक्याला दोष देत बसतात. पाती गादीत गुंडाळून आडवी ठेवा, भिंतीला उभी टेकवली की वाकतात. मोटर खाली घ्यायला दोन माणसं हवीतच, माझा एक पंखा पाती सोडून सामानाच्या काट्यावर ९ किलो भरला होता.

रॉड कापू नका, हे कंत्राटदाराच्या माणसालाही सांगून ठेवा. वाड्याचं छत उंच म्हणून रॉड लांब असतो आणि फ्लॅटमध्ये तो चालणार नाही, पाती जमिनीपासून निदान ८ फूट वर आणि छतापासून फूटभर खाली हवीत. पण त्यासाठी दुसरा छोटा रॉड घ्या किंवा करून घ्या, जुना तसाच गुंडाळून ठेवा.

घरी आणला की प्लेट वाचा, खालच्या वाटीवर किंवा बॉडीवर रंगाखाली दबलेली असते, ओल्या फडक्याने हळूच पुसली की अक्षरं येतात. माप इंचात असेल तर बहुतेक मेट्रिक पद्धत रुळायच्या आधीचा. क्रॉम्प्टन पार्किन्सन असं लिहिलेलं दिसलं तर तो १९६६ च्या आधीचा धरा, त्या वर्षी विलीनीकरण होऊन क्रॉम्प्टन ग्रीव्हज हे नाव आलं. आपल्याकडे जीईसी, उषा, ओरिएंट, इटलीचा मारेल्ली हेही सापडतात. प्लेटवर डी.सी. (एकाच दिशेने वाहणारा करंट, आपल्या घरात एसी असतो) लिहिलं असेल किंवा आत कार्बन ब्रश दिसले तर मात्र तो घरच्या सप्लायला अजिबात जोडू नका. कोलकात्याच्या जुन्या भागात बरीच वर्षं डीसी लाइट होती, तिकडचे पंखे फिरत फिरत इथे येतात. आणि बाजारात रेल्वेच्या डब्यातले छोटे पंखे कुणी देऊ केले तर घेऊ नका, ते बहुतेक ११० व्होल्ट डीसीचे असतात आणि बऱ्याचदा चोरीचेही.

मोटर उघडायची तर वरच्या-खालच्या झाकणावर आधी आरपार एक रेघ मारून घ्या म्हणजे परत त्याच जागी बसतं. स्क्रू अडले तर गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, हातोडी नको, ती बीडाची झाकणं एका फटक्यात तडकतात. सिलिंग फॅनची मोटर उलटी असते, आतली कॉइल जागेवर आणि बाहेरचा डबा फिरतो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस जुन्या मेणासारखं पिवळं आणि घट्ट झालं होतं, टूथपिकने कोरून काढावं लागलं, पण त्याखालच्या गोळ्या आरशासारख्या होत्या! धुऊन नवीन ग्रीस भरलं आणि तो आज माझ्या आईच्या खोलीत चालतोय. बेअरिंग खडखडत असेल तर बदला, नंबर कडेवर कोरलेला असतो, पुलरने (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) काढा, ठोकून नाही. काही फार जुन्या पंख्यांना बॉल बेअरिंगच नसतं, बुश (गोळ्या नसलेली साधी धातूची नळी) असतं आणि तेल घालायला छोटं भोक असतं, त्यात ग्रीस कोंबू नका, पातळ मशीन ऑइलच.

कॉइलला शक्यतो हात लावू नका. फक्त बाहेर येणाऱ्या तीन वायरी नवीन जोडा, आणि कॉइल ओलसर वाटली तर पुठ्ठ्याच्या खोक्यात १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून, पुठ्ठ्याला टेकणार नाही असा, एक-दोन दिवस शेकवा. मग मेगर (कॉइलमधून बॉडीत करंट गळतो का ते मोजायचं यंत्र) असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ५०० व्होल्टला निदान २ मेगाओम दाखवायला हवेत. हे महत्त्वाचं आहे कारण नवीन फ्लॅटला ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा सुरक्षेचा स्विच) असतो, ओल धरलेला पंखा लावला की तो ट्रिप होतो आणि मग कुणीतरी शहाणा ईएलसीबीच काढून टाकायला सांगतो. तसं कधीही करू नका! जुन्या पंख्याला अर्थिंगची वायरच नसते, ती बॉडीला नवीन जोडून घ्या. वाइंडिंग खरंच जळलं असेल तर भरणाऱ्याला जुन्या तारेचे वेढे मोजून आणि तेवढ्याच गेजची तार घेऊन भरायला सांगा, समोर बसून करून घेतलं तर उत्तम.

कंडेन्सर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या, ४४० व्होल्टचा. स्पीड वाढेल म्हणून मोठा टाकतात, त्याने कॉइल तापते. जुन्या पंख्याचा स्पीड मुळातच कमी असतो, १८ पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३३ फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, त्याचा वारा रुंद पात्यांतून येतो. जुना कंडेन्सर पत्र्याच्या डबीतला असेल आणि तेल गळत असेल तर ते तेल हाताला लागू देऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना सरळ लाइटला नाही, १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून, म्हणजे करंट आधी बल्बमधून आणि मग पंख्यात जाईल असा. बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मिणमिणता पेटला आणि पंखा आळसावल्यासारखा फिरायला लागला तर ठीक आहे. हा क्षण मला दर वेळी तेवढाच आवडतो, बल्ब मंद होत जातो आणि पाती उचलल्यासारखी होतात.

रंगाचं म्हणाल तर मूळचा रंग ठेवा. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं, पितळी वाटीला चिंच. कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

बिलाबद्दल खरं ते सांगतो, असा पंखा ८०-९० वॉट खातो आणि आताचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, रोज १० तास धरले तर वर्षाला साधारण २०० युनिटचा फरक. मी तो मान्य करून चालवतो. चोवीस तास लागणाऱ्या खोलीत नवीन लावा, हा बैठकीत. जुना रेझिस्टन्सवाला रेग्युलेटर चालू असेल तर ठेवा, पण तो कमी स्पीडला वीज उष्णतेत घालवतो आणि गरम होतो, लाकडी बोर्डापासून सुटा हवा. साध्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर हे पंखे गुणगुणतात, कंडेन्सरवाला स्टेप रेग्युलेटर घ्या.

आणि लटकवणं, यात तडजोड नाही. बिल्डरला आत्ताच सांगा की बैठकीच्या स्लॅबमध्ये फॅन बॉक्सचा हूक सळईला अडकवलेला आणि जाड हवा, वजन सांगून. रबरी गुटका, शॅकलचा (पंखा हूकला अडकवायची लोखंडी कडी) बोल्ट आणि स्प्लिट पिन तिन्ही नवीन घ्या, रॉडच्या पिनेच्या भोकाभोवती बॅटरी मारून बारीक चीर शोधा, चीर दिसली तर तो रॉड बाद. लावल्यावर तासाभराने बंद करून बॉडीला हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. आठ दिवसांनी परत स्टुलावर चढून बोल्ट आवळा, नवीन रबर दबून बसतं तेव्हा तो हमखास किंचित ढिला पडतो.