चार तारांच्या बेस गिटारवर खालचा बी सूर लावताना

४५-१०५ च्या सेटमधली (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळ्यात जाड तार ०.१०५ इंचाची. तिला ई वरून (४१.२ हर्ट्झ) बी पर्यंत (३०.९) उतरवलंस, तर ताण वारंवारितेच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास ४४ टक्के. मग तार लोळणार, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडणार. ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) कितीही चढव. तोच ताण हवा तर ०.१४० च्या आसपासची तार लागेल, पण ती बोथट वाजते. ०.१३० बरी.

सरळ पाच तारांचा ४५-१३० सेट घे, बारीक जी ची तार बाजूला ठेव. नटच्या (मानेच्या टोकाची, तारा बसवायची पट्टी) चारही खाचा मात्र अरुंद पडतील. तार वरच अडकली तर पहिल्या फ्रेटवर सूर चढा येतो. खाच रुंद कर, खोल नको. खोल गेली की नटच बदलावा लागतो (घाई इथेच नडते). सूर लावल्यावर ट्रस रॉड (मानेचा बाक जुळवणारी आतली सळई) फिरव, एका वेळी पाव फेरा. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर जुळवणं) शेवटी.