ताणलेला कॅनव्हास खिळे न ठोकता चौकटीत कसा बसवावा?

आपण विचारले आहे की, तयार चौकटीत ठेवलेला कॅनव्हास मागच्या बाजूने जवळजवळ एक सेंटिमीटर बाहेर येतो, तर कडेने तिरपे खिळे ठोकून तो पक्का करावा का. कृपया तसे करू नका. कॅनव्हास बाहेर येणे हा दोष नव्हे. साध्या स्ट्रेचरची, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या लाकडी सांगाड्याची, जाडीच 18 ते 20 मिलिमीटर असते, आणि बऱ्याच तयार चौकटींची खाच काच, माउंट व पुठ्ठा मावण्यापुरतीच खोल असते.

खिळ्यांना माझा विरोध अनुभवातून आला आहे. माझ्या एका तैलचित्राला खिळे ठोकताना हातोडी निसटून कॅनव्हासच्या पाठीला लागली. त्या दिवशी समोरून काहीच दिसले नाही, पण काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार तडे उमटले. शिवाय लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, आणि कॅनव्हास सैल पडला की कोपऱ्यांतील पाचरी हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणावा लागतो. स्ट्रेचर खिळ्यांनी जखडलेला असेल, तर यांपैकी कशालाच वाव उरत नाही.

त्याऐवजी झेडच्या आकारात वाकवलेल्या पत्र्याच्या क्लिपा वापराव्यात. क्लिपेचे एक टोक चौकटीच्या पाठीला स्क्रूने बसवायचे आणि दुसरे टोक स्ट्रेचरवर नुसते दाबून राहू द्यायचे, तेथे स्क्रू अजिबात नको. क्लिपेचा उंचवटा बाहेर आलेल्या भागाएवढा किंवा किंचित कमी असावा, म्हणजे दाब बेताचा पडतो. लहान चित्राला प्रत्येक बाजूस दोन क्लिपा पुरतात. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यावे आणि स्क्रूची लांबी चौकटीच्या जाडीशी ताडून पाहावी, नाहीतर त्याचे टोक पुढच्या पॉलिशमधून डोकावते.

माप घेताना कॅनव्हासच्या घड्या पडून जाड झालेले कोपरे विसरू नयेत. तेथले माप धरून चारही बाजूंना सुमारे 3 मिलिमीटर मोकळी जागा राहील, अशी चौकट घ्यावी. चित्र त्या जागेत सरकू नये म्हणून कडेला बुचाचे पातळ तुकडे सैलसर ठेवता येतात. खाचेच्या ज्या ओठावर चित्राची कड टेकते, तेथे फेल्टची पट्टी चिकटवावी, कारण तैलरंग हाताला कोरडा लागला तरी आतून कित्येक महिने मऊ असू शकतो आणि चौकटीला चिकटून निघून येतो. काचेची सहसा गरज नसते.

चित्राच्या कडाही दिसाव्यात अशी इच्छा असेल, तर फ्लोटर चौकट, म्हणजे जिच्यात चित्र कडांभोवती थोडी फट ठेवून आत बसते अशी चौकट, घ्यावी. मागून स्ट्रेचरमध्ये स्क्रू बसवण्याची पद्धत केवळ तिच्यात आहे. टांगण्याच्या कड्या मात्र दोन्ही प्रकारांत चौकटीलाच, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर लावाव्यात, म्हणजे चित्राचे वजन स्ट्रेचरच्या सांध्यांवर येत नाही.