वाचकांचे प्रश्न: नुनावुतमध्ये माणसं एवढी कमी का?

प्रश्न : कॅनडातला नुनावुत खरंच महाराष्ट्राच्या सहापट आहे का? मग वस्ती किती?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : हो, जमीन सुमारे 18.37 लाख चौ.कि.मी. आहे. 2021 च्या जनगणनेत माणसं मात्र 36,858. भागून बघा: माणशी जवळपास 50 चौ.कि.मी. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात 2011 साली एका चौ.कि.मी.त 504 जण होते! भागताना पाण्यासकटचा आकडा घेऊ नका, गफलत तिथंच होते. शिवाय भिंतीवरचे बरेच नकाशे ध्रुवाकडचा भाग फुगवून दाखवतात.

जमीन कायम गोठलेली, शेती जवळजवळ नाहीच. 25 वस्त्या, पण एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजानं येतं, एरवी विमान. म्हणून भाजी महाग.